कडी बाहेरून लागल्यावर

(विजयदुर्ग येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



विजयदुर्गात बोलायला उभा राहणारा माणूस आंग्र्यांच्या आरमारावर बोलणार, नाहीतर १८६८ च्या खग्रास ग्रहणावर आणि साहेबाच्या कट्ट्यावर, असे इथे धरूनच चालतात. मी विषय कळवला तेव्हा कार्यकर्त्यांनी दोनदा फोन करून खात्री केली. विषय असा: फुटकळ चोरीसाठी माणसाचा जीव घ्यावा असे आपल्याला का वाटते? आंगरे येतील, पण ते शेवटी आणि जरा वेगळ्या कामासाठी.

माझी सगळी वकिली याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेली. देवगड, कणकवली आणि मग ओरोसचे सत्र न्यायालय. पक्षकार म्हणजे बागायतदार, भातशेतीवाले, रापणकर मच्छीमार. कोर्टात माणूस जे बोलतो ते वकिलाने शिकवलेले असते. पडवीत चहा पिताना बोलतो ते त्याचे स्वतःचे असते. आज मी त्या पडवीतल्या बोलण्याबद्दल सांगणार आहे.

मार्च उजाडला की हे बोलणे सुरू होते. आंब्याच्या हंगामाच्या पहिल्या पेट्यांना भाव चांगला असतो, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी पहाटे बागेत जातो तर दोन कलमांच्या खालच्या फांद्या मोकळ्या. झाडाखाली तुटलेले देठ, पाला, चिकाचे डाग पडलेली दोनचार कोवळी फळे. घाईत टाकलेला झेला कुंपणाला अडकलेला. संध्याकाळी चार माणसे जमतात आणि त्यातला एक म्हणतो, "तेका एकदा असो धडो शिकवूक होयो की परत हय पाय ठेवचो नाय." दुसरा म्हणतो, "आणि मेलो तर?" त्यावर उत्तर येते, "मेलो तर मेलो." यावर कोणी दचकत नाही. चहा चालू राहतो.

हे म्हणणारा माणूस क्रूर नसतो. बागेतल्या गड्याला ताप आला तर हाच त्याला स्वतःच्या गाडीवर बसवून दवाखान्यात नेतो. एकदा मी अशा एकाला विचारले, गेले किती रुपयांचे? तो माझ्यावरच उखडला. "वकीलसाहेब, प्रश्न आंब्याचो नाय!"

मला वाटते तो खरे बोलत होता. आपण अशा माणसाला समजवायला जातो तेव्हा आंब्याची किंमत आणि माणसाची किंमत तराजूत घालतो. ते त्याला आधीच मान्य असते. त्याची तक्रार निराळी असते. तो वर्षभर मोहोर राखतो, फवारण्या करतो, कर्ज काढतो, आणि एका रात्रीत कोणीतरी येऊन त्याला दाखवून जातो की तुझे इथे काही चालत नाही. त्यानंतर तो पोलीस ठाण्यात जातो आणि तिथेही त्याला तेच दाखवले जाते. 'एनसी', म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात, कागद हातात देतात, घरी जा म्हणतात. घरी जाताना त्याच्या खिशात असलेला तो कागद चोरीपेक्षा जास्त जळतो.

यात आता कायद्यानेच भर घातली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये एक चांगली सोय आहे: चोरलेला माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणजे समाजसेवा. तुरुंग नाही. भुकेने चोरी करणाऱ्याला तुरुंगात घालून अट्टल करण्यापेक्षा हे बरे, असे मी मानतो. पण त्याचबरोबर अशी चोरी अदखलपात्र ठरली. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. चोरावर दया दाखवताना ज्याची चोरी झाली त्याला दारातून परत पाठवण्याची सोयही कायद्याने करून ठेवली. दयेची तरतूद ठेवून तपासाचा दरवाजा उघडा ठेवता आला असता. तो ठेवला नाही, आणि त्याचे दुष्परिणाम अशा पडवीत बसून मोजावे लागतील अशी मला भीती आहे.

आता कायदा मालकाला काय देतो ते बघू. मालकाला कायद्याने बांधून ठेवले आणि चोराला मोकाट सोडले, असा समज आहे. तो बरोबर नाही. खासगी बचावाचा हक्क आपल्या कायद्यात बराच ऐसपैस आहे. मॅकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केला, १८६० मध्ये दंड संहिता झाली, १८६२ पासून ती लागू झाली. त्या संहितेतली बचावाची कलमे आज आकडे बदलून जवळपास तशीच आहेत. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, किंवा आपण जिवाला मुकू अशी रास्त भीती वाटावी अशी चोरी, यात मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. हे आताचे कलम ४१. आणि अंधारात घाबरलेल्या माणसाने किती जोरात काठी मारली हे सोन्याच्या तराजूत तोलू नये, असे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा म्हटले आहे. मीही ते न्यायाधीशांना अनेकदा ऐकवले आहे आणि त्याचा फायदा पक्षकारांना मिळवून दिला आहे.

पुढचे कलम ४२. साधी चोरी, आगळीक, जागेत शिरणे. इथे मालक चोराला अडवू शकतो, ढकलू शकतो, गरजेपुरते मारू शकतो. मारून टाकू शकत नाही. आंब्याची बाग म्हणजे घर नव्हे. काजूच्या बिया वेचणे म्हणजे दरोडा नव्हे.

या दोन कलमांमधली रेघ कशावरून ओढली आहे? पडवीत आपण चोराचा गुन्हा मोजतो: त्याने काय केले, किती वेळा केले, तो किती नालायक आहे. ही कलमे त्या क्षणी मालकावर असलेला धोका मोजतात. त्या घटकेला, त्या अंधारात, तुझ्या जिवाला काय होणार होते, एवढाच प्रश्न. चोराचा गुन्हा न्यायाधीशाने मोजायचा आहे आणि तेही नंतर, दिवसाउजेडी. हे मोजमाप मॅकॉलेने शोधलेले नाही. रोमच्या बारा पट्टिकांमध्ये रात्रीच्या चोराला मारण्याची मुभा होती. दिवसाच्या चोराला तो हत्यार उगारील तरच. यहुद्यांच्या धर्मग्रंथात तर चोरावर सूर्य उगवला असेल तर त्याचे रक्त मालकाच्या माथी, असा नियम आहे. आपल्याकडच्या धर्मसूत्रांत आततायींची यादी आहे: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, आणि त्याच रांगेत धन हरण करणाराही. त्याला मारण्यात दोष नाही असे मनुस्मृती सांगते. पण त्यावरच्या टीकाकारांनी शतकानुशतके घासाघीस केली की हा परवाना नेमका कुठवर चालतो. म्हणजे आपल्याकडेही हा प्रश्न सुटलेला नव्हता.

रेघ स्वच्छ आहे, पण ती ओळखायला माणूस जागेवर हजर लागतो. तो नसतो तेव्हा काय होते त्याची एक गोष्ट तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे.

रानडुकरांसाठी लावलेली तार मी हातभर अंतरावरून पाहिली आहे, अर्थात प्रवाह बंद असताना. नडगीच्या उंचीवर बांबूच्या खुंट्या, खुंट्यांना सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळलेली, आणि त्यावरून खाचरभर फिरवलेली उघडी तार. एक टोक पंपाच्या खोपीत, तिथून सरळ लाईनवर. रात्री दहाला जोडायची, पहाटे काढायची. शेतकऱ्याने ती इतक्या नीटनेटकेपणे बांधली होती की मला त्याचे कौतुक वाटले, आणि मग त्या कौतुकाची लाज वाटली. डुक्कर येते भाताला. पण पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला बत्ती घेऊन निघालेला शेजारीही त्याच बांधावरून जातो. कुर्ल्यांना गेलेली पोरेही जातात. तारेला डुक्कर, चोर, शेजारी आणि मालकाचे स्वतःचे पोर यांतला फरक कळत नाही. धोका मोजणारा माणूस घरी झोपलेला असतो.

सर्वोच्च न्यायालयासमोर १९६३ मध्ये असाच एक खटला आला होता, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य. या गृहस्थाच्या शेजाऱ्यांच्या संडासाची भिंत पडली होती, म्हणून ती मंडळी याचा संडास वापरू लागली. याला ते सहन झाले नाही. त्याने वाटेत तांब्याची उघडी तार लावली आणि घरातली वीज तिच्यात सोडली. शेजारची बाई गेली ती परत आलीच नाही. गुन्हा काय, तर दुसऱ्याचा संडास वापरणे. आरोपीने खासगी बचावाचा हक्क पुढे केला. न्यायालयाने तो फेटाळला आणि सांगितले की विनापरवाना जागेत शिरणारा माणूस कायद्याच्या छत्राबाहेर फेकला गेलेला लांडगा नव्हे, की दिसला आणि मारला. तिथे मालकाच्या अंगावर कोणी धावून येत नव्हते. मालक तर तिथे नव्हताच.

विलायतेत याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी लोकांनी तारेऐवजी बंदूक लावून पाहिली होती. ब्रिस्टॉलजवळ एका गृहस्थाने ट्यूलिपची फुले चोरीला जातात म्हणून बागेत आपोआप उडणारी बंदूक बसवली. १८२५ मध्ये शेजाऱ्याची उडून गेलेली लांडोर धरायला एकोणीस वर्षांचा पोरगा भिंत चढून आत उतरला आणि त्याचा गुडघा फुटला. दोन वर्षांनी, १८२७ मध्ये, पार्लमेंटने असल्या बंदुका लावण्यावर बंदी घातली. तोवर इंग्लंड काही दयाळू देश नव्हता. १७२३ च्या एका कायद्याने दुसऱ्याच्या फळबागेतले झाड तोडणे किंवा माशांच्या तळ्याचा बांध फोडणे यालाही फाशी होती. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा माल चोरला तर फाशी. पण कायदा एवढा कडक असताना ज्युरीवर बसलेली सामान्य माणसे काय करत? समोर चोर उभा, त्याचा चेहरा दिसतोय. मग ती मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवत. एक शिलिंग कमी. शपथेवर खोटे बोलत, आणि त्या खोटेपणाला ब्लॅकस्टोनसारख्या कायदेपंडिताने पुण्याचे खोटेपण म्हटले. मला या एकोणचाळीस शिलिंगांचा मोह आहे हे कबूल करतो. रस्त्यावर जो माणूस 'फाशी द्या' म्हणून ओरडतो, तोच माणूस बाकावर बसवला, चोर समोर आणला आणि अंगठा उठवायला सांगितले की हात आखडतो.

हे नेहमी होते असे मात्र नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका जोडप्याने आपल्या ओसाड पडलेल्या शेतघराच्या खोलीत दाराला बांधून बंदूक लावली. जुन्या बाटल्या-बरण्या गोळा करायला एक माणूस शिरला आणि त्याचा पाय गेल्यात जमा झाला. चोरीबद्दल त्याला दंड झाला पन्नास डॉलर. बंदूक लावणाऱ्या जोडप्याला भरपाई द्यावी लागली तीस हजार डॉलर, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ती कायम केली. लोक कोणाच्या बाजूने उभे राहिले? जोडप्याच्या. अनोळखी माणसांनी त्यांना देणग्या पाठवल्या. 'आपल्याच घरात आपल्यालाच दंड!' हे वाक्य मला मालवणीतही ऐकू येते.

आता आपल्या घरचा एक दाखला. नाव मोठे आहे, तरी घेतो, कारण ते आपल्याच मातीतले आहे. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता, तेव्हा टिळक आपल्याच जिल्ह्याचे म्हणायला हरकत नाही. जून १८९७ मध्ये पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. प्राध्यापक भानूंनी अफझलखानाच्या वधावर व्याख्यान दिले आणि टिळकांनी अध्यक्षीय समारोप केला. त्याचा वृत्तांत १५ जूनच्या 'केसरी'त आला. शिवाजीने खानाला मारले ते पाप की पुण्य, या प्रश्नाला उत्तर देताना टिळकांनी एक दृष्टांत दिला, त्याचा आशय असा: घरात चोर शिरले आणि त्यांना हाकलण्याइतके बळ आपल्या मनगटात नसले, तर बाहेरून कोंडून त्यांना जाळून टाकावे, त्यात मागेपुढे पाहू नये. आणि श्रोत्यांना सांगितले की पीनल कोडाच्या बाहेर या, गीतेच्या उंच हवेत या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. सप्टेंबरात मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅचींपुढे राजद्रोहाचा खटला चालला, ज्युरीतले सहा युरोपियन एका बाजूला आणि तीन हिंदी दुसऱ्या बाजूला पडले, आणि टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी झाली.

खटला अन्यायाचा होता याबद्दल मला शंका नाही, आणि टिळकांचा चोर कोण होता हे तुम्हाला सांगायला नको. माझे लक्ष दृष्टांताकडे आहे. चोरांना कोंडून जाळावे की नाही, हे टिळकांनी सिद्ध करायचा प्रयत्नच केलेला नाही. ते त्यांनी गृहीत धरले, कारण श्रोत्यांनाही ते मान्य असणार हे त्यांना ठाऊक होते. टिळकांसारखा सभा ओळखणारा माणूस वादग्रस्त गोष्टीचा आधार घेऊन वादग्रस्त गोष्ट सिद्ध करायला जाणार नाही. तो पक्क्या जमिनीवर पाय ठेवील. १८९७ च्या पुण्यातली ती पक्की जमीन आजच्या पडवीतही तितकीच पक्की आहे.

आणि वकील म्हणून दुसरी गंमत अशी, की या दृष्टांतातला निम्मा भाग पीनल कोडाच्या आतच बसत होता! रात्री घर फोडून चोर शिरला आणि झटापटीत मेला, तर १८६० चा कायदाही मालकाला सोडत होता. बाहेर जायचे ते फक्त एका जागी: कोंडल्यानंतर. बाहेरून कडी लावली त्या क्षणी मालकावरचा धोका संपला. चोर आत, आपण बाहेर, चौकीवर माणूस पाठवायला वेळ आहे. इथून पुढे जे होईल तो बचाव नाही. कायद्याचे नाव काढून घेतले तरी नाही.

आता २०१८ सालात या. १ जुलै, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा, आठवडी बाजार. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे मोबाईलवर महिनाभर पसरलेले. मंगळवेढ्याकडचे पाचजण, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावात आले. कोणाला तरी संशय आला. गर्दीने त्यांना धरून ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेले आणि खोलीत कोंडले. पाचजण आत, गाव बाहेर, दारे-खिडक्या आपल्या ताब्यात. आणि मग त्याच खोलीत त्यांना ठेचून मारले. मुले पळवण्याचा गुन्हा फुटकळ नव्हे असे कोणी म्हणेल. मान्य. पण तो गुन्हा घडलाच नव्हता. त्यांच्या हातून काही घडले असेल तर एवढेच की ते अनोळखी होते आणि गावात शिरले. धुळ्याच्या सत्र न्यायालयाने २०२४ मध्ये सातजणांना जन्मठेप दिली. तो दिवस आठवडी बाजाराचा होता, हे विसरू नका.

त्याच दिवशी मालेगावात तीच अफवा, तसाच जमाव, आणि समोर पाचजण, त्यात दोन वर्षांचे एक मूल. तिथे त्यांना एका घराने आत घेतले आणि पोलीस वेळेत पोचले. जमाव पोलिसांच्या गाडीवरही उठला, पण पाचहीजण जगले.

दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघर जिल्ह्यात गडचिंचले. टाळेबंदी होती, चोर फिरतात अशी हूल होती, गावे रात्रीची गस्त घालत होती. दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांची गाडी अडवली, आणि तिघेही वनखात्याच्या चौकीपाशी, पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारले गेले. त्याच्या दोन वर्षे आधी केरळात अट्टप्पाडीला एका आदिवासी तरुणाला तांदूळ चोरला म्हणून बांधून मारले आणि त्याच्यासोबत फोटोही काढले. या सगळ्या ठिकाणी मारण्याआधी माणूस ताब्यात आलेला होता. यापुढे अशी बातमी वाचाल तेव्हा हे तपासून पाहा. भीतीने मारले असे जे सांगितले जाते, ते बहुतेक वेळा कडी लागल्यानंतरचे असते.

आपल्याकडे असे होत नाही, असे कोणाच्या मनात आले असेल. कोकणी माणूस कोर्टात जाईल, तीन पिढ्या दावा लढवील, देवाला गाऱ्हाणे घालील, पण हात उचलणार नाही. गाऱ्हाणे घातल्यावर नेलेली भांडी रात्रीत पडवीत परत आलेली मी ऐकली आहेत, आणि पोलिसांच्या तपासापेक्षा त्या तपासाचा निकाल चांगला होता हेही नमूद करतो. पण गाऱ्हाणे गावातल्या चोरासाठी असते. त्याला आपला देव माहीत असतो, आपल्याला त्याचे घर माहीत असते. बाहेरच्याचे काय?

देवगडच्या बागांतून हंगामात राखणीला कोण असतात? नेपाळी. बागेत खोप घालून बायकापोरांसह राहतात, रात्रभर बत्ती आणि काठी घेऊन फिरतात. आपल्या बागेतला नेपाळी हा आपला राखणदार. तोच वाट चुकून दोन वाड्या पलीकडे अंधारात दिसला तर? त्याला भाषा धड येत नाही, हातात काठी आहे, खिशात चार कैऱ्या असतील. राईनपाड्याला जे लागले त्यातले काय कमी आहे इथे? मोबाईल तर सगळ्यांकडे आहे.

बंदुकीबद्दल थोडक्यात. या जिल्ह्यात शेतीसंरक्षणाचे परवाने पुष्कळ आहेत, आणि निवडणूक लागली की त्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात म्हणून आपण कुरकुरतो. पण परवाना असलेल्या बंदुकीची मला कमी काळजी वाटते. तिला नंबर आहे, मालक आहे, आणि चाप ओढायला माणूस जागा असावा लागतो. तारेला यातले काही लागत नाही.

आता आंगरे. या किल्ल्याखालून जाणाऱ्या गलबताकडे दस्तक, म्हणजे परवाना, आहे का, हे कान्होजींचे लोक बघत. नसेल तर गलबत धरून आणीत. ही रीत पोर्तुगीजांची. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या 'कार्ताझ'शिवाय समुद्रात फिरणे हाच अपराध होता, आणि शिक्षा म्हणजे माल जप्त, जहाज जप्त, कधी माणसांसकट जाळून टाकलेले. एक कागद नसणे, एवढाच गुन्हा. कान्होजींनी तेच शस्त्र उलटवले तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवले आणि १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह कान्होजींचे पुत्र तुळाजी यांच्या या किल्ल्यावर तोफा घेऊन आले. समुद्रावर चोर कोण, हे प्रत्येक आरमाराने आपापल्या सोयीने ठरवले.

आज त्या समुद्रावर आपली माणसे दोन्ही भूमिकांत असतात. मालवण-देवगडच्या बंदरावर परराज्यातले ट्रॉलर आत घुसले, एलईडी लावून मासळी ओढून नेली, की रापणकर म्हणतात, "बोट जाळूक होयी." त्यांचा राग खरा आहे. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा या घुसखोरीला दंड सांगतो, २०२१ च्या दुरुस्तीने तो दंड लाखांत गेला, पण दंड करणारी गस्तीनौका वेळेवर दिसली पाहिजे. तीच आंब्याची गोष्ट, पाण्यावर.

आणि ६ नोव्हेंबर २०२१ रोजी गुजरातच्या समुद्रात 'जलपरी' नावाच्या बोटीवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने गोळीबार केला. पालघरच्या वडराईचा एक खलाशी ठार झाला. हद्दीच्या रेषेजवळ मासेमारी, यापलीकडे त्या बोटीचे काही नव्हते. २०१२ मध्ये केरळच्या समुद्रात इटालियन जहाजावरच्या सैनिकांनी आपले दोन मच्छीमार चाचे समजून गोळ्या घालून मारले. तेव्हा या किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदरात एकच प्रश्न होता: जाळे टाकलेल्या माणसावर गोळी घालतातच कशी? आधी इशारा द्या, बोट धरा, दंड करा, तुरुंगात टाका. बरोबर हाच हिशेब. धोका किती होता हे विचारा. हा हिशेब आपल्याला उत्तम येतो. आपण बोटीत असलो म्हणजे येतो.

शेवटचा भाग कोरडा आहे, पण त्यासाठीच मी आलो. हंगाम जवळ आला आहे, आणि दोन-तीन वाड्यांत गस्त सुरू करायची बोलणी चालू आहेत असे मला इथे आल्यावर कळले. करा. गस्त चांगली गोष्ट आहे. चोर तिला भितो आणि तिला मालकाच्या रागाची घाई नसते. पण पहिल्या बैठकीत काही गोष्टी लिहून काढा. कोणाकडे काठी आणि कोणाकडे फक्त बत्ती. ११२ ला फोन कोण करणार, नाव घालून. पोलीस पाटलाला झोपेतून उठवायचे काम कोणाचे. परक्या बागेतल्या राखणदारांची ओळख आधीच करून घ्या. खोपीवर जाऊन चहा प्या आणि तोंडे पाहून ठेवा. तार असेल तर यंदा काढा. झटका मशीनचे सौर कुंपण डुकराला परत फिरवते आणि माणसाला मारत नाही, त्याला सरकारी अनुदानही आहे. अर्ज भरायला मी कणकवलीत बसलेला असतो.

आणि कोणी सापडलाच, तर कायदा सामान्य माणसाला पकडण्याचा जो मर्यादित अधिकार देतो तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्ह्यापुरता आहे, आणि त्यातही सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. पाच हजारांच्या आतल्या आंब्यांसाठी तोही अधिकार नाही. नाव-गाव विचारा, फोटो काढा, माल ठेवून घ्या आणि जाऊ द्या. मागे कोणीतरी हसले, मला ऐकू आले. हसा, पण हे वहीत लिहा. मोठा गुन्हा असेल आणि खोलीत बसवावेच लागले, तर खोलीला कुलूप घाला आणि किल्ली पोलीस पाटलाकडे द्या. ज्याची चोरी झाली त्याच्याकडे ती देऊ नका, आणि तो रागावला तर त्या रात्री त्याला घरी पोचवायला दोन माणसे वेगळी नेमा.